मृणालचा आवाज

रसिकाने इशिताच्या हातातला मोबाइल ओढून घेतला, तोवर त्यातून नुसतं संगीत वाजलं होतं. कुणी बोललं नव्हतं. तिने घाईघाईने तेही बंद केलं आणि मोबाइल फ्रीजवर पालथा ठेवून दिला.

"मम्मा, काय हे? आजीला ऐकवत होते ना मी."

"जेवताना मोबाइल नको. किती वेळा सांगायचं?"

हा नियम या घरात कुणी पाळल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं, आणि तो मोडण्यात रसिकाचाच पहिला नंबर असायचा. इशिता आईच्या तोंडाकडे बघतच राहिली. टेबलाच्या पलीकडे अनसूयाबाई भाताचा घास बोटांत धरून थांबल्या होत्या. दिसायचं त्यांना आता फार थोडं. उजेड कुठून येतोय आणि समोर माणूस उभं आहे की कपाट, एवढंच. कान मात्र शाबूत होते आणि नातीचं मघाचं सगळं बोलणं त्या कानांनी नीट टिपलं होतं.

"मृणालचा सिनेमा सापडला म्हणालीस ना गं तू?"

"हो आजी! अगं, एक जण आहे, तो जुने, विसरलेले पिक्चर शोधून यूट्यूबवर टाकतो. त्याला 'जागच्या जागी' मिळाला. अख्खा. लोक वेडे झालेत नुसते. सायकॉलॉजिकल थ्रिलर, तोही मराठीत, तोही त्या काळात! आणि सगळे मृणालमावशीबद्दलच बोलतायत. एकाने लिहिलंय, डोळे मिटून फक्त त्या मुलीचा आवाज ऐका, अंगावर काटा येतो."

"आवाज," अनसूयाबाई म्हणाल्या. घास त्यांनी परत ताटात ठेवला. "मग लाव की."

"आई, आधी जेव तू."

"जेवण कुठं पळून चाललंय?"

"अख्खा पिक्चर आहे तो. असा घास चावता चावता नाही बघायचा. रविवारी बघू, टीव्हीवर. नीट स्पीकर लावून."

अनसूयाबाईंनी जरा विचार केला आणि मान हलवली. रविवार ही गोष्ट त्यांना पटली असावी. रसिकाने आमटी वाढली, पापड मोडून त्यांच्या हाताशी ठेवला, आणि मग स्वतः काय जेवली ते तिचं तिलाच कळलं नाही.

मृणालिनी ही रसिकाची मोठी बहीण. दोघींत अंतर दोनच वर्षांचं, पण घरी येणारा प्रत्येक माणूस बघायचा तो मृणालकडे. त्यात कुणाचं काही चुकत नव्हतं. पोरगीच तशी होती. एकदा कानावर पडलेलं ती विसरत नसे. कीर्तनकाराचं आख्यान, रेडिओवरच्या बातम्या, नळावरच्या दोन बायकांचं भांडण, सगळं ज्याच्या त्याच्या आवाजात म्हणून दाखवायची आणि भांडणाऱ्या बायकाच पदर तोंडाला लावून हसायच्या. बालनाट्यात तिला पाहून एक दिग्दर्शक वडिलांना, म्हणजे गुणवंतरावांना, शोधत लालबागच्या बिऱ्हाडी आला. आता राहतात त्या भाईंदरला हे कुटुंब फार पुढे आलं. त्या माणसाच्या डोक्यात एक विचित्र गोष्ट होती. एका मोठ्या घरातली हुशार मुलगी, जिच्या सगळं लक्षात राहतं. तिच्या आईला काकाने जिवे मारलंय. ते पोरीला उमगेल या भीतीने काका रोज घरातली एकेक वस्तू गुपचूप हलवतो आणि सगळ्यांना पटवतो, की पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय. हळूहळू पोरीलाही तसंच वाटायला लागतं.

तमाशा आणि विनोद यांच्यावर पोट भरणाऱ्या प्रेक्षकाला तेव्हा असलं काही नको होतं. सिनेमा आठवडाभर एका थेटरात चालला, म्हणजे रिकाम्या खुर्च्यांपुढे चालला, आणि नंतर त्याच्या रिळांची पेटी कुठे गेली ते निर्मात्यालाही माहीत नव्हतं. पण हे सगळं व्हायच्या आधीच मृणाल गेली होती. शूटिंग संपलं, शाळा सुरू झाली, कावीळ झाली, आणि दिवाळीचा फराळ त्या घरात झालाच नाही.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर रसिका अनसूयाबाईंच्या डोळ्यांत औषध घालायला बसली तेव्हा त्या आपणहून बोलल्या.

"फोटो होते तोवर बघत होते. आता डोळेच राहिले नाहीत, तर फोटो घेऊन काय करू? आणि आवाज तर त्याच्याही आधी गेला."

"म्हणजे?"

"विसरले मी. पाचसहा वर्षांतच विसरले. ती काय बोलायची ते सगळं आठवतं, पण आठवते तेव्हा माझ्याच आवाजात ऐकू येतं. कुणाला सांगितलं नाही. पोटच्या पोरीचा आवाज विसरले, म्हणून कुठल्या तोंडाने सांगणार?"

औषधाचा थेंब गालावर ओघळला. रसिकाने तो पुसला.

"शूटिंगला रोज मीच जायचे तिच्याबरोबर," अनसूयाबाई म्हणाल्या. "खुर्ची टाकून बसवायचे मला कोपऱ्यात. एकेक वाक्य माझ्यासमोर बोललीये ती. तेवढं सगळं त्या सिनेमात असेल. एकदा ऐकलं की झालं. मग डोळे गेले काय, मी गेले काय."

बाईची चूक तरी काय म्हणावी? डोळ्यांसमोर मुलगी बोलली, समोर टेप फिरत होती, मग मुलीचा आवाज सिनेमात असणार, हे कुणालाही वाटेल. पण सिनेमा तसा होत नव्हता.

शूटिंगच्या वेळी कॅमेरा घरघरायचा, बाहेर कावळे ओरडायचे, दिवे हलवणाऱ्यांची गडबड असायची. तेव्हाचा आवाज नुसता खुणेपुरता घेत. त्याला पायलट म्हणत. सगळं चित्रण संपलं, की नट एका अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर उभे राहत आणि कानात तो पायलट ऐकत तीच वाक्यं पुन्हा बोलत. सिनेमात जायचं ते हे दुसरं बोलणं. मृणालचं ते दुसरं बोलणं राहूनच गेलं होतं.

दिग्दर्शक पुन्हा लालबागला आला तो मान खाली घालून. मुलांचे आवाज काढणाऱ्या मोठ्या बायका असतात, त्यांच्याकडून करून पाहिलं, पण सगळं खोटं वाटतंय म्हणाला. सिनेमा डब्यातच राहील. गुणवंतराव टपाल खात्यातले साधे कारकून. नाही म्हणणं त्यांना कधी जमलं नाही. आणि मुलीचं एवढं शेवटचं काम वाया जाऊ नये, असं त्यांच्याही मनात असणार. त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या रसिकाकडे पाहिलं. आठ वर्षांची होती ती.

"आईला सांगायचं नाही हं," ट्रामच्या जुन्या रुळांवरून रस्ता ओलांडताना त्यांनी तिला बजावलं होतं. "तिला सहन नाही व्हायचं."

तिला एका लाकडी खोक्यावर उभं केलं आणि डोक्यावर मोठाले हेडफोन चढवले. दिवा गेला. आणि कानात मृणाल बोलली.

रसिकाने पहिल्यांदा मागे वळून बघितलं होतं. मग दुसऱ्या बाजूला. काचेपलीकडचा माणूस हसला नाही, एवढं तिला आठवतं. तो म्हणाला, "ऐक, आणि तस्संच म्हण." पडद्यावर तोच तुकडा पुन्हापुन्हा यायचा, मृणाल पुन्हापुन्हा तेच वाक्य बोलायची आणि रसिका तिच्या मागोमाग. श्वास कुठे घ्यायचा, शब्द कुठे ओढायचा, सगळं मृणाल कानात सांगत होती. दिग्दर्शकाला ही पोरगीही जन्मतः गुणी वाटली. ती गुणी वगैरे काही नव्हती. बहीण भेटत होती म्हणून ती जात होती. बाबांनी सांगायच्या आधीच ती चपला घालून दाराशी बसायची.

घरी मृणालचं नाव निघत नव्हतं. अनसूयाबाई भिंतीकडे तोंड करून पडून असत. बाबा करपलेली खिचडी करत, आणि तीही राहिली तर शेजारच्या काकू काहीतरी झाकून आणून देत. पाऊल न वाजवता चालायचं, काही मागायचं नाही, हे रसिकाला कुणी शिकवलं नाही. तिचं तीच शिकली. त्या वर्षी तिने तोंड उघडलं ते त्या अंधाऱ्या खोलीतच. शेवटी शेवटी एक प्रसंग तिला काही केल्या जमेना. कानात ऐकलं आणि ती जी रडायला लागली ती थांबेचना. बाबांनी तिला बाहेर नेऊन उसाचा रस पाजला, आणि त्यानंतर तिला परत नेलंच नाही. त्या प्रसंगाचं पुढे काय केलं ते तिला कुणी सांगितलं नाही आणि सिनेमा तर तिने कधी पाहिलाच नाही.

बाबा गेले तेव्हा हे गुपित एकट्या रसिकाच्या वाट्याला आलं. खोटं बोलल्याचं तिला एवढं वाटत नव्हतं. ते बाबांचं होतं. तिला खुपायचं ते वेगळंच. मृणाल गेल्यावरही महिनाभर तिला मृणाल मिळाली होती, आणि आईला एक शब्दही मिळाला नव्हता. कोपऱ्यात लपून एकटीने खाल्लेल्या खाऊसारखं ते इतकी वर्षं तिच्या घशाशी होतं.

रविवार यायला अजून तीन दिवस होते. पहिल्या दिवशी तिने वायफाय बिघडल्याचं सांगून पाहिलं, तर इशिताने आपल्या मोबाइलवर सिनेमा उतरवूनही ठेवला होता. पोरगी हुशार असणं ही या घराण्यातली जुनीच आपत्ती. दुसऱ्या दिवशी समोरच्या कांताबेन पाण्याची वेळ सांगायला म्हणून आल्या आणि दारातच थबकल्या.

"सुना है आपकी सिस्टर फिल्म में हिरोइन थी? माजी बता रहे थे. कितने खूश हैं माजी! संडे को मैं भी आऊँ?"

"आंटी, पुरानी पिक्चर है, बोर हो जाओगे," रसिका म्हणाली आणि पाण्याच्या टाकीचा विषय काढला.

म्हणजे आईने आता इमारतीत सांगायलाही सुरुवात केली होती. गेल्या कित्येक महिन्यांत दाराबाहेर न पडलेली बाई, भिंत धरून समोरच्या दारापर्यंत जाऊन आली होती. रसिकाने नवऱ्याला फोन लावला. उत्तम बदलीवर रत्नागिरीला होता. त्याला हे लग्नानंतर केव्हातरी तिने सांगितलं होतं.

"अगं, पण त्यांना आवाज आठवतच नाही म्हणतायत ना?" तो म्हणाला. "मग कळणार कसं? ऐकू दे की. आनंदाने ऐकतील, समाधान होईल. तुझं काय जातंय?"

खरंच, आपलं काय जातंय? रात्रभर नाही, पण भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना तिने ते उलटसुलट करून पाहिलं. सांगितलं, तर या वयात आईची मुलगी दुसऱ्यांदा जाणार. नाही सांगितलं, तर आई आपलाच आवाज उराशी धरून जाणार, मृणालचा समजून. यातलं पाप कुठलं आणि पुण्य कुठलं, तिला काही केल्या ठरवता येईना.

शनिवारी आईच्या केसांना तेल लावताना तिने धीर केला.

"आई, त्या सिनेमाचं ना..."

"तुला आठवतो का गं तिचा आवाज?" अनसूयाबाईंनी मध्येच विचारलं.

"आठवतो."

"कसा होता?"

रसिकाने बोटं तेलाच्या वाटीत बुडवली. कसा होता म्हणजे? कानाच्या अगदी आत होता. हे कसं सांगायचं?

"गोड होता," ती म्हणाली.

"ते काय, सगळ्याच मुलांचा असतो," अनसूयाबाई म्हणाल्या आणि हसल्या. त्या हसल्या तेव्हा रसिकाचा धीर गेला तो गेलाच.

रविवारी जेवणं लवकर आटपली. अनसूयाबाईंनी इस्त्रीचं पातळ नेसून, केसांवरून हात फिरवून टीव्हीसमोरची खुर्ची धरली. इशिताने पडदे ओढले.

"थेटर करूया आजी."

"माझ्यासाठी कशाला गं खर्च? माझ्या डोळ्यांपुढे बारा महिने थेटरच आहे."

इशिता खळखळून हसली. रसिका दिवाणाच्या टोकाला बसली, आईचा चेहरा दिसेल अशी.

सुरुवातीला नावं आली, घर दिसलं, जिना दिसला. मग कॅमेरा एका स्वयंपाकघरात गेला आणि फडताळापुढे पाठमोरी उभी असलेली मुलगी वळली. मृणाल. दोन वेण्या, पुढचा दात किंचित तिरपा. रसिकाला वाटलं आपण उठून पडद्यापाशी जाऊ. फोटोतली मृणाल इतकी वर्षं एकाच जागी उभी होती, आणि ही चालत होती, पापण्या हलवत होती, परकराला हात पुसत होती.

"ही बरणी काल इथं नव्हती," मृणाल म्हणाली.

बोलली ती रसिकाच्या आवाजात. आपलाच आठ वर्षांचा आवाज बहिणीच्या तोंडून येताना पाहून रसिकाला भीती वाटली आणि त्याहून जास्त लाज. तिने आईकडे पाहिलं. खुर्चीच्या हातावर अनसूयाबाईंचा अंगठा सवयीने पुढेमागे फिरत असे. तो थांबला. क्षणभरच. मग परत फिरू लागला. चेहऱ्यावर काही नव्हतं.

नाही ओळखलं. रसिकाचा जीव भांड्यात पडला, आणि पडल्यावर तिला कळलं की आपल्याला वाईटही वाटलंय.

सिनेमा पुढे सरकला. काका गोड बोलत होता, डॉक्टर माना डोलवत होते, घड्याळ एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जात होतं. माणसं मोजकीच, भिंती चार, आणि तरी इशिता उशी पोटाशी धरून बसली होती. अनसूयाबाई मधूनमधून विचारत.

"आता काय करतेय?"

"खिडकीत बसलीये आजी. काका मागून आलाय, पण तिला माहितीये. डोळे असे केलेत तिने, म्हणजे बघत नाहीये पण बघतेय."

"तसंच करायची ती," अनसूयाबाई म्हणाल्या.

शेवटाकडे काकाने मुलीला कपाटात कोंडलं. पडदा जवळजवळ काळा झाला. एका फटीतून आलेली उजेडाची रेघ आणि तिच्यात अर्धा चेहरा, एवढंच. संगीत थांबलं. आणि काहीतरी बदललं. आवाजामागे बारीक घरघर ऐकू यायला लागली, लांब कुठेतरी कुणी शिवणयंत्र चालवत असावं तशी. त्या घरघरीत एक मूल श्वास घेत होतं. बोलत नव्हतं. नाकात अडकणारा, मध्येच तुटणारा, पुन्हा ओढून घेतलेला श्वास. मग एक हुंदका, आणि अगदी हळू, स्वतःशी म्हटल्यासारखं, "आई."

हे रसिकाचं नव्हतं. हेच तिला जमलं नव्हतं. तिला उसाचा रस पाजायला नेलं तेव्हा आतल्या माणसांनी शेवटी पायलटच ठेवून दिला होता, कॅमेऱ्याच्या घरघरीसकट.

"थांबव," अनसूयाबाई म्हणाल्या.

इशिताने थांबवलं. "काय झालं आजी? घाबरलीस?"

"एवढंच परत लाव."

इशिताने मागे नेऊन लावलं. अनसूयाबाई खुर्चीत पुढे सरकल्या होत्या. मान कललेली, तोंड किंचित उघडं. श्वास आला, तुटला, ओढला गेला. त्यांचाही श्वास त्याबरोबर वर गेला आणि तसाच थांबला.

"ही मृणाल," त्या म्हणाल्या. "सर्दी झाली होती त्या दिवशी तिला. नाक चोंदलं होतं. मी म्हटलं होतं त्या लोकांना, आज नको."

"सगळीच मृणालमावशी आहे ना आजी."

"नाही. हीच तेवढी ती. बाकी सगळी तुझी आई बोललीये."

इशिताने आईकडे पाहिलं. रसिका दिवाणावरून पुढे सरकली.

"आई... बाबा म्हणाले... तिचं राहिलं होतं म्हणून... तुला सांगू नको म्हणाले."

"हं."

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच वाक्याला," अनसूयाबाई म्हणाल्या. "मृणालचा विसरले, म्हणून तुझाही विसरेन होय?"

म्हणजे दोन तास ही बाई सगळं माहीत असून बसली होती. काही न बोलता, तिला हवं होतं ते यात नाही हे कळल्यावरही उठून न जाता. रसिकाला रडू आवरेना, आणि ते आईला ऐकू जाऊ नये म्हणून तिने पदर तोंडात कोंबला. तो उपयोगाचा नव्हता. त्या कानांपुढे काय लपणार?

अनसूयाबाईंनी तो तुकडा आणखी तीनचारदा ऐकला. दर वेळी त्या बोट वर करत आणि इशिता मुकाट्याने मागे नेई. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण त्यांना त्याचं काही नव्हतं. डोळे तसेही वाहतच असत. मग त्यांचं बोट वर झालं नाही. बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू झाली. इशिताने पडदा सारला.

"हे एवढंच मी वेगळं काढून देते तुला आजी," ती म्हणाली. "मोबाइलवर. कधीही ऐकता येईल."

"दे." अनसूयाबाई खुर्चीत मागे टेकल्या. "आता पहिल्यापासून लाव."

"आई, पहिल्यापासून कशाला?" रसिका म्हणाली. "मृणाल शेवटीच आहे गं. तेवढीच आहे."

"कळलंय मला ते."

इशिता आईकडून आजीकडे बघत होती. रसिका उठून खुर्चीपाशी गेली. अनसूयाबाईंनी हवेत चाचपडून तिचं मनगट धरलं.

"त्या वर्षी तू घरात काय बोलायचीस गं? मी आठवून बघतेय मघापासून. तुझा एक शब्द आठवत नाही मला."

रसिकाने आईच्या हातावर हात ठेवला.

"बोलायचे की. पुष्कळ बोलायचे. तूच कामात असायचीस."

त्या वर्षी अनसूयाबाईंनी काडीचं काम केलं नव्हतं, हे त्या दोघींनाही माहीत होतं. त्यांनी मनगट सोडलं नाही, आणि इशिताच्या दिशेने मान हलवली.

नावं आली, घर दिसलं, जिना दिसला. रसिका खुर्चीशेजारी जमिनीवरच बसली. या वेळी कुणी काही विचारत नव्हतं आणि कुणी काही सांगत नव्हतं. स्वयंपाकघरातला प्रसंग संपला. दुपार झाली. मोठ्या घरात सगळे निजले होते, आणि मुलगी एकटीच जेवणघराच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली. मघाशी कुणाचं लक्षही गेलं नव्हतं, इतका साधा प्रसंग.

"मला भूक लागलीये," आठ वर्षांची रसिका म्हणाली.

"हो गं बाई," अनसूयाबाई टीव्हीकडे तोंड करून म्हणाल्या. "थांब हं. वाढते."